जरासा आऊट

मनुष्याने पूर्ण विचारान्ती घेतलेला निर्णय चुकत नसतो, असे माझे त्या काळी ठाम मत होते! मी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या शाळेत शिक्षक होतो, नागपूरला राहून पदवी घेतली होती, आणि सुपारीच्या खांडाचेदेखील मला व्यसन नव्हते. असा मनुष्य सायकलवर बसला की सायकलनेही सरळच चालले पाहिजे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

योजना साधी होती. शनिवारी गोंदियाच्या बाजारातून नवी सायकल आणायची, रविवारी सकाळी तिची पूजा करायची आणि तिच्यावरूनच जाऊन रुख्मासाठी सांगून आलेले स्थळ पाहून यायचे. रुख्मा माझी धाकटी बहीण. तिने आईजवळ एकच अट घातली होती, "जमीन कमी असली तरी चालंल, रंग कसा बी असो, पन पिनारा नोको." ही अट कोठून आली, हे आमच्या घरात कोणाला विचारावे लागत नव्हते. आमचे वडील मोहाच्या दारूने गेले. संध्याकाळी अंगणात त्यांची पावले कशी पडतात, यावरून आजची रात्र कशी जाणार, हे ती लहानपणी अचूक ओळखत असे. माझ्या स्वतःच्या बाबतीत मी एक वेळ चुकलो असतो तरी चालले असते. तिच्या बाबतीत चुकून चालणार नव्हते!

गोंदियाच्या दुकानात मालकाने सायकल उलटी करून चाक फिरवून दाखवले. "देख लीजिए मास्टरजी, बाल बराबर आऊट नहीं!" चाक वाकडे फिरू लागले की त्यात 'आऊट' आला म्हणतात, हे मी तेथे प्रथम शिकलो आणि नवशिक्याच्या उत्साहाने तो शब्द जिभेवर घेऊनच घरी आलो. मोहाची पिऊन झोकांड्या खाणाऱ्या माणसालाही आमच्याकडे 'आऊट'च म्हणतात, याचे मला त्या आनंदात भान राहिले नाही.

रविवारी पूजेला चैतराममामा आले. मामा म्हणजे चिखलात रुतलेली बैलगाडी बैलांना बाजूला उभे करून एकट्याने उचलणारा गृहस्थ! आईने सायकलला हळदकुंकू लावले, हार घातला. मामांनी नारळ हातात घेऊन इकडेतिकडे पाहिले.

"मामा, तेथे दगड आहे," मी म्हणालो.

"दगडावर फोडला तं पुन्य दगडाले लागंल! सायकल कायले आनली मंग?"

आणि मी पुढे होण्याच्या आत मामांनी तो नारळ पुढच्या चाकाच्या लोखंडी कडेवर हाणला!

नारळ फुटला. अगदी देवाच्या मनासारखा, दोन स्वच्छ शकलांत फुटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी चाक फिरवून पाहिले, तर ते तव्यावरच्या पापडासारखे एकदा इकडे फुगत होते, एकदा तिकडे.

"नवं हाय, थोडं अंग आखडते," मामा म्हणाले. "चालवशीन तं मोकळं होईन."

मुहूर्त टळू नये म्हणून मी निघालो. त्या प्रवासाचे वर्णन करताना आजही माझा धीर सुटतो! रस्ता मुरमाचा, त्यात बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. माझे चाक प्रत्येक फेऱ्याला मला डावीकडच्या शेताची भेट घडवी आणि लगेच उजवीकडच्या. धान केव्हाच निघाले होते, बांध्या, म्हणजे धानाचे वाफे, उघड्या पडल्या होत्या, आणि झाडांखाली मोहाची फुले वेचणाऱ्या बाया हातातल्या टोपल्या बाजूला ठेवून माझ्याकडे पाहत होत्या. गळ्यात मात्र माझ्या सायकलचा हार होता. चाकात अडकत होता म्हणून तो मी काढून स्वतःच घातला होता.

वाटेत खुशाल भेटला. ज्या गावी मी निघालो होतो, तेथलाच हा शेतकरी. कोणाच्या घरी काय शिजते ते शिजण्यापूर्वी गावाला सांगणारा.

"का जी मास्तर, आऊट का?" त्याने विचारले.

सायकलविषयी जाणणारा एक तरी मनुष्य भेटला, या आनंदाने मी म्हणालो, "हो, जरासा आऊट आहे खरा!"

"पाहाटपासूनच?"

"सकाळीच झाला. मामांनी केला."

"मामानं! आनि मायनं पाहालं?"

"आई तेथेच होती. तिनेच तर हळदकुंकू लावले."

खुशालने आकाशाकडे पाहून हात जोडले आणि तो बांध्यांतून आडवाटेने धावत सुटला. माझ्यापेक्षा तो पुष्कळ आधी पोहोचला, हे सांगणे नलगे.

मुलाचे वडील बिसरामजी ओसरीवर वाट पाहत होते. त्यांनी माझा हात असा धरला, की जणू मी पुरातून वाहत आलो होतो!

"बसा जी, बसा. खुशाल सांगत होता, आऊट हाय म्हने तुमचा?"

"अगदी थोडा. सवय झाली म्हणजे तोल सांभाळता येतो."

"कवापासून हाय?"

"कालच घरी आणली. नवी आहे म्हणून एवढे जाणवते. जुनी झाल्यावर कोणी लक्षही देणार नाही!"

"आनि रोज लागते?"

"रोजच! शाळेत जायचे म्हणजे आता तिच्याशिवाय भागणार नाही."

बिसरामजींचे डोळे भरून आले. ते आत वळून ओरडले, "अवो, आयकलं का? हे तं आपल्यातलेच निंघाले!" मग माझ्याजवळ सरकून ते हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तरजी, आता तुमच्यापाशी लपवाचं का? आमचा भैय्यालाल बी... दिवस बुडाला का त्याले लागतेच. तुमच्या बहिनीची अट आयकली तवापासून मी कोनाशी बोललो नाही जी. छातीवर धोंडा ठेवल्यावानी झालं होतं. आज हलका झालो!"

माझ्या छातीवर मात्र तो धोंडा त्याच क्षणी येऊन बसला. रुख्माचा चेहरा मला दिसला. मी ताडकन उभा राहिलो. "बिसरामजी, मी सायकलविषयी बोलत होतो! सायकलचे चाक आऊट आहे!"

"हो जी, मानूस आऊट झाला का चाक बी आऊटच दिसते," ते समजुतीने म्हणाले.

तेवढ्यात भावी जावई भैय्यालाल स्वतः पितळी गिलास भरून घेऊन आला. देखणा, नम्र मुलगा. त्याने वाकून नमस्कार केला आणि गिलास पुढे केला. "घ्या दादा. आपल्या घरचीच हाय."

"मी पीत नाही!"

"पयल्यांदा असंच म्हनते मानूस," बिसरामजी म्हणाले. "लाजता काऊन?"

एका हाताने मी गिलास दूर सारीत होतो, तर ते दोघे चार हातांनी तो जवळ आणीत होते. या ओढाताणीत तो संपूर्ण गिलास माझ्या सदऱ्यावर उलटला! दाराआडून मुलाची आई, धुरपताबाई, हे सारे पाहत होती. तिच्या डोळ्यांत मला जे दिसले, ते मी परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या विद्यार्थ्यांकडे पाहताना माझ्या डोळ्यांत असते.

मी सायकल घेऊन निघालो ते मागे न पाहता. अर्ध्या वाटेवर एका दगडाला अशी धडक बसली, की मी आणि सायकल वेगवेगळ्या बांध्यांत पडलो. उठलो, पुन्हा निघालो. दिवे लागायच्या सुमाराला अंगणात शिरलो, ते धुळीने माखलेला, गळ्यात सुकलेला हार, आणि सदऱ्याला मोहाचा तो गोडसर आंबूस वास!

"आई," मी धापा टाकीत म्हणालो, "मुलगा पितो!"

आई जवळ आली. तिने वास घेतला. मग ती तेथेच उंबऱ्यावर खाली बसली.

"सांडली गं! माझ्या अंगावर त्यांनी सांडली!"

"तुहा बाप बी रोज हेच सांगत होता," ती म्हणाली. "रोज सांडतच होती त्याच्या अंगावर."

मी मामांकडे वळलो. "मामा, तुम्ही तरी सांगा! मी झोकांड्या खात गेलो तो चाकामुळे. हे पाहा!" मी सायकल उचलली आणि सर्वांसमक्ष चाक फिरवले.

चाक भोवऱ्यासारखे सरळ फिरले! दगडाच्या त्या धडकेने मामांच्या नारळाचे काम पूर्णपणे निस्तरले होते. मामांनी ते थांबेपर्यंत पाहिले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबू, झोप आता. सकाळी बोलू."

पुढचे दिवस आठवले की आजही जेवण जात नाही. मी सांगत राहिलो, मुलगा पितो; आई म्हणत राहिली, स्वतःचे झाकायला दुसऱ्याच्या लेकराचे नाव घेतोस! शाळेत मुख्याध्यापक मला आधी हुंगत आणि मग नमस्कार करीत. आणि तिकडून बिसरामजींचा होकार येऊन घरात साखरपुड्याची तयारी सुरू झाली. रुख्मा तांदूळ निवडत बसे आणि निवडलेलेच पुन्हा निवडी.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी खुशाल निरोप घेऊन आला. धुरपताबाईंनी तो त्याच्याकडून पाठ करून घेतला असावा. अंगणात उभा राहून त्याने तो सर्वांना ऐकवला, "पोरगी सोन्यासारकी हाय. पन आमचा भैय्यालाल पिते तं घरी पिते, दार लावून पिते. भर दिवसा हार घालून सायकलवर नाई फिरत! असा मेव्हना असला तं आमचं पोरगं पार वाया जाईन. आमाले हे सोयरिक नोको."

आईने कपाळावर हात मारून घेतला. "पिते" हा शब्द तिने ऐकला की नाही, कोण जाणे. "नोको" तेवढा ऐकला.

मी एकटाच ओसरीवर बसलो होतो. रुख्मा आली, समोर ताट ठेवले. तिच्या डोळ्यांत पाणी होते; पण कितीतरी दिवसांनी चेहरा मोकळा होता.

"दादा, मले समजलं गा," ती हळूच म्हणाली. "तुले तिथी गेल्यावर मालूम झालं ना, तो पिते म्हनून? आनि कोनी मोडू देनार नाही म्हनून तूच पेलास, का त्याइनंच नोको म्हनावं. माह्यासाठी."

"रुख्मा, अगं, मी..."

"मी कोनाले सांगनार नाई. पन आता सोड ते. आपल्या बाबाचं पाहालं ना? ठेव माह्या डोक्यावर हात!"

ती मान वाकवून बसली. तिच्या भांगाशी तांदळाचा एक कण चिकटला होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, शपथ घेतली. आणि जन्मात कधी न चाखलेली दारू त्या दुपारी कायमची सोडली!