वेंडेलचा नेम आणि सासूबाईंची सुरी

"यंदा टर्की विकत आणायची नाही!" वेंडेल क्रेब्सने भर स्वयंपाकघरात जाहीर केलं. "थँक्सगिव्हिंगची टर्की मी बंदुकीने जिंकून आणणार. आणि कापणारही मीच!"

त्याची बायको लोरेटा बटाटे सोलत होती, ती सोलतच राहिली. पण ती त्या वेळी फोनवर आईशी बोलत होती, आणि फोनचा स्पीकर चालू होता. झालं!

आमच्या टॅनर्सबर्गमध्ये पद्धतच आहे. सणाची टर्की जो आणतो, तोच टेबलाच्या टोकाला उभा राहून ती कापतो. वेंडेलचं लग्न झाल्यापासून टर्की आणायच्या त्याच्या सासूबाई, ऑगस्टाबाई. घर वेंडेलचं, टेबल वेंडेलचं, सुरीसुद्धा वेंडेलची. पण सुरीला हात लावायची त्याची टाप नव्हती. एकदा त्याने हात पुढे केला होता, तर सगळ्या पाहुण्यांसमोर बाई म्हणाल्या, "तुझं गालिच्यांचं दुकान आहे ना? तू गालिचे काप." तेव्हापासून ती गोष्ट बिचाऱ्याच्या मनाला लागून राहिली होती.

"ठीक आहे," फोनमधून आवाज आला. "शनिवारी अग्निशमन दलाच्या मैदानावरच्या नेमबाजीत जिंकलास तर सुरी तुझी. हरलास तर मी आहे तोवर सुरी माझी, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही."

"कबूल!" वेंडेल म्हणाला.

"अरे, तू आयुष्यात कधी बंदूक चालवलीयस का?" लोरेटाने विचारलं.

"चालवायला कशाला हवी? थर्मनकाकांनी सगळं शिकवलंय मला!"

हे थर्मनकाका सैन्यात होते. म्हणजे होते, पण धोबीखात्यात. तिथे जवानांच्या चड्ड्यांना इस्त्री करता करता त्यांनी बंदुकीचं जे ज्ञान मिळवलं, ते सगळं पुतण्याच्या डोक्यात भरलं होतं. एक, छऱ्यांच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही. छर्रे कोठाराच्या दारासारखे ऐसपैस पसरतात. दोन, बंदुकीची पुढची मूठ खच्चकन मागेपुढे ओढली की त्या आवाजानेच समोरच्याची पाचावर धारण बसते. आणि तीन, बार उडाला की उडवणारा दहा हात मागे फेकला जातो. हे तिसरं तर वेंडेलने सिनेमातही डोळ्यांनी पाहिलं होतं!

म्हणून शनिवारी सकाळी तो मैदानावर आला तो काकांची जुनी बंदूक आणि घरच्या नव्याकोऱ्या सोफ्याच्या गाद्या घेऊन. गाद्या सुतळीने बांधून त्याने आपल्या मागे गवतावर अंथरल्या.

"हे काय रे? मुक्काम करायचाय?" दलाचा प्रमुख डेल्बर्ट म्हणाला.

"धक्क्यासाठी!" वेंडेल म्हणाला. "तुम्ही लोक बेफिकीर आहात. जपा जरा!"

आमच्याकडे याला टर्कीची नेमबाजी म्हणतात, पण टर्कीला कुणी गोळी घालत नाही. ती बिचारी आधीच गोठून दगड होऊन खोक्यात पडलेली असते. समोर लांब फळीवर पांढरी कार्डं ठोकतात. प्रत्येकावर एकेकाचं नाव, मधोमध फुली. ज्याच्या कार्डावरचं भोक फुलीच्या सगळ्यात जवळ, टर्की त्याची. छर्रा कुणाच्या बंदुकीतला, यावरून पूर्वी इतकी नाकं फुटली की शेवटी दलाने नियमच केला: भोक कुणीही पाडो, कार्डावर ज्याचं नाव, टर्की त्याची!

पहिली फेरी सुरू झाली. वेंडेलने काडतूस घातलं आणि ऐटीत मूठ ओढली. खच्च! कुणीच घाबरलं नाही. म्हणून त्याने पुन्हा ओढली. खच्च! तर आतलं न उडालेलं काडतूस टुणकन बाहेर आलं आणि शेजारी उभ्या असलेल्या क्लोविसच्या कॉफीत पडलं. वेंडेलने बाणेदारपणे चाप ओढला. टक्!

"आवाज करणारी आहे की मुकी?" मागून कुणीतरी म्हणालं.

"नळी समोर ठेव आणि दुसरं काडतूस घाल, बाबा," डेल्बर्ट कपाळाला हात लावून म्हणाला.

वेंडेलने दुसरं घातलं, छाती काढली, मान मागे टाकली, डोळे डावीकडे ठेवलेल्या टर्कीच्या खोक्यावर खिळवले आणि बार काढला. खांद्याला बसला जेमतेम एक हलका धक्का! पण गड्याची उडायची पूर्ण तयारी होती ना! त्याने स्वतःच मागे अशी झेप घेतली की गाद्या ओलांडून पलीकडच्या चिखलात जाऊन आपटला.

कार्ड तपासलं. धुतल्यासारखं स्वच्छ! डावीकडच्या क्लोविसच्या कार्डाची मात्र चाळण झाली होती, आणि एक छर्रा फुलीला चिकटून.

"पण मी तर अजून बारच काढला नाही," क्लोविस म्हणाला. तो अजून कॉफीतलं काडतूस चमच्याने काढत होता.

"नियम म्हणजे नियम!" डेल्बर्टने त्याच्या हातात टर्की ठेवली.

दुसऱ्या फेरीतही वेंडेलचं कार्ड कोरं, आणि टर्की डावीकडच्या पोस्टमास्तरणीला. मग काय विचारता! वेंडेलच्या डावीकडच्या जागेसाठी ढकलाढकली सुरू झाली. चर्चच्या पास्टरांनी तर चक्क कोपर मारलं.

"छर्रे म्हणावे तसे पसरत नाहीयेत," वेंडेल कुरकुरला. "थोडा नेम धरून बघू का?"

"छे छे! भलतंच काय!" सगळे एकदम ओरडले.

"तुझे काका देवमाणूस होते!" पास्टर म्हणाले. "त्यांचा शब्द मोडू नकोस."

"आणि अजून थोडा मागे झुक, वेंडेल!"

वेंडेल अजून मागे झुकला. पास्टर टर्की घेऊन घरी गेले.

शेवटची फेरी, शेवटची टर्की. आणि मैदानात कोण यावं? ऑगस्टाबाई! चर्चमध्ये फुलं लावून थेट आल्या होत्या. डोक्याला टोपी, हातात पर्स.

"बंदूक कुठाय?" डेल्बर्टने विचारलं.

"बंदूक कशाला? जावई आहे ना!" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी वेंडेलच्या डावीकडच्या कार्डावर आपलं नाव लिहिलं.

वेंडेलच्या लक्षात आलं. म्हणजे आपणच सासूला टर्की जिंकून देणार, आणि जन्मभर तिच्या हातातल्या सुरीकडे बघत बसणार! आणि तेवढ्यात त्याच्या डोक्यात वीज चमकली. आपला बार डावीकडे जातो ना? मग डावीकडचं कार्ड आपलंच करून टाकू!

"आई, आपण कार्डं बदलू या. डावीकडचं मी घेतो, माझ्या समोरचं तुम्ही घ्या."

"एवढं काय त्या कार्डात?"

"असंच... हौस आहे."

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "बदल बाबा. जावयाचा हट्ट, पुरवायला नको?"

कार्डं बदलली. वेंडेल मनातल्या मनात सुरीला धार लावू लागला. आता फक्त समोरच्या, सासूबाईंच्या कार्डावर बार काढायचा. तो आपसूक डावीकडे जाईल! पण शेवटची संधी, गफलत नको. नेहमीसारखं समोरचं कार्ड चुकवायचं, तर ते नेमकं कुठे आहे हे तरी नीट पाहायला हवं!

म्हणून त्याने सकाळपासून पहिल्यांदाच दस्ता खांद्यात घट्ट रोवला, गाल त्याला टेकवला, एक डोळा मिटला आणि नळीवरून सासूबाईंच्या फुलीकडे टक लावून पाहिलं. चिखलात पुन्हा पडायला नको म्हणून थोडा पुढे वाकला. श्वास रोखला. चाप हळूच दाबला.

धडाम!

फुली राहिलीच नाही. तिच्या जागी नुसतं भगदाड!

"ऑगस्टा!" डेल्बर्ट ओरडला. "टर्की ऑगस्टाची!"

वेंडेल गादीवर मटकन बसला. बाईंनी खोकं काखेत मारलं आणि जाता जाता म्हणाल्या, "लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या एखाद्या गोष्टीकडे आज पहिल्यांदा नीट लक्ष दिलंस."

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलं होतं. ऑगस्टाबाई टेबलाच्या टोकाला उभ्या राहिल्या, सुरी उचलली आणि टर्कीचे पातळ, सुबक काप पाडू लागल्या.

"मावशी, तुम्ही बंदूकसुद्धा चालवता?" एका भाच्याने विचारलं.

"मी कुठली! मी फक्त नाव लिहिलं. एका बारात फुली उडवली ती या वेंडेलने."

सगळं टेबल वेंडेलकडे वळलं. "काय सांगता! वेंडेल? एका बारात?" लोरेटासुद्धा नवऱ्याकडे अशा कौतुकाने बघत होती की त्याला लग्नाचा दिवस आठवला. खरं काय ते सांगायला त्याने तोंड उघडलं. पण एवढी माणसं, एवढं कौतुक! वेंडेलला मोह आवरेना.

"त्यात काय एवढं," तो टाय सारखा करत म्हणाला. "मी मुद्दामच आईंच्या कार्डावर नेम धरला. म्हटलं, सुरी त्यांच्याच हातात शोभते."

टाळ्यांचा कडकडाट झाला! ऑगस्टाबाईंनी जावयाला पहिल्यांदाच मिठी मारली, सगळ्यात मोठी तंगडी त्याच्या ताटात वाढली आणि म्हणाल्या, "ऐकलंत ना सगळ्यांनी? आता दरवर्षी हाच मला टर्की जिंकून देणार!"