मालकी बदलली!

हातात बांगडी चढली की दुसरे कासार बाईला चार शब्द बरे बोलतात. आमचे नथूशेट ओरडत, "मालकी बदलली!"

ओरडत म्हणजे अख्ख्या जव्हारच्या बाजाराला ऐकू जाईल असं. त्यांचा कायदा साधा होता. बांगडी अंगठ्याच्या सांध्याअलीकडे फुटली तर नुकसान कासाराचं. सांधा ओलांडून मनगटावर गेली की पुढचं बाईचं नशीब. ही रीत सगळेच कासार पाळत, पण ती दर बांगडीला जाहीर करणारा हा एकच. शिवाय बाईचा हात हाती घेण्याआधी ते तिला ही सगळी अट ऐकवत. जामसरकडची एखादी म्हातारी वैतागून म्हणे, "कासारदादा, मना नाय समजत तुझा कायदा. भर हात, घरा जायाचाय."

"समजलं नाही तरी ऐकलं ना? ऐकलं की झालं," नथूशेट म्हणत आणि तिचा भातलावणीनं राठ झालेला पंजा लोण्यासारखा दाबत. असल्या हातांवर निम्म्या बांगड्या सांध्याअलीकडेच फुटत आणि नुकसान त्यांचंच होई. पण कुणाचा हात न भरता परत पाठवल्याचं मी कधी पाहिलं नाही.

हे सगळं मी इतक्या जवळून पाहिलं, कारण मी त्यांचा वकील होतो. दरबारची सनद नुकतीच मिळाली होती. अंगात काळा कोट होता आणि पदरी अशील एकच. बाकीचं जव्हार एकमेकांशी भांडून संध्याकाळी आपसात मिटवत असे. नथूशेट मात्र काही मिटू देत नसत. सकाळी दार उघडावं तर हे पायरीवर पेटारा टेकून बसलेले. "वकीलसाहेब, एक मुद्दा सुचलाय." त्या वाक्यानं माझं अजून डोकं दुखतं.

मुद्दे कसले? खोडाळ्याचा बाजार इंग्रजी हद्दीत. तिथून माल घेऊन संस्थानात आलं की नाक्यावर जकात. डोंगरवाटेनं येताना काही बांगड्या फुटत. नथूशेटचं म्हणणं, फुटलेल्या बांगडीवर जकात कशी? माझ्याकडून अर्ज लिहून घेतला की हा माल नव्हे, कचरा आहे. मीही लिहिला, दोन संस्कृत वचनं घालून. नाकेदारानं तो शांतपणे वाचला आणि संस्थानच्या हद्दीत कचरा आणल्याबद्दल दंड केला. दंडाविरुद्ध पुन्हा अर्ज. शेजारच्या गूळवाल्याच्या माश्या बांगड्यांवर बसतात, तो अर्ज वेगळा. मी थकलो, नाकेदार थकला, दरबारचा कारकून तर मला लांबून पाहिलं की दप्तर बांधायला लागे. नथूशेट थकत नसत. निदान तसं दाखवत नसत.

मग खरा खटला उभा राहिला.

लाकडाच्या ठेकेदाराची सून, चंद्रा नाव तिचं, सासूबरोबर बाजारात बांगड्या भरायला आली होती. भरता भरता तिनं हात झटकन मागे ओढला. बांगडी फुटली, काच मनगटात शिरली, रक्त आलं, हात सुजला. नवऱ्यानं दरबारात तक्रार गुदरली की कासार निष्काळजी आहे, त्याला बाजारात बसायची परवानगी नको. म्हणजे वडाखालची ती जागा जाणार. नथूशेटना घर असं नव्हतंच, बायको कधीच गेलेली. भाड्याची खोली निजायला, आणि जगायला वडाखालची जागा.

मी मात्र खुशीत होतो. खटला खिशात होता! बांगडी फुटण्याआधी नथूशेट "मालकी बदलली" असं ओरडल्याचं गूळवाल्यानं ऐकलं होतं. माश्यांचा अर्ज विसरून तो साक्षीला तयार होता. सांधा ओलांडलेला, हात बाईनं स्वतः ओढलेला. एवढं शाबीत झालं की सुटलो.

कोर्टात मी जरा जास्तच रंगलो. बांगडी सांध्यावरून कशी जाते हे न्यायाधीशांना दाखवावं म्हणून पेटाऱ्यातली एक उचलली आणि स्वतःच्याच हातात घातली. ती सांध्यावर जाऊन अडकली. पुढेही जाईना, मागेही येईना. पुढचा सगळा युक्तिवाद मी हिरव्या बांगडीनिशी हातवारे करत केला. प्रेक्षकांत बसलेला नाकेदार तोंडात उपरणं कोंबून हसत होता.

"वकीलसाहेब," न्यायाधीश म्हणाले, "आपल्या बाबतीत मालकी बदलली का?"

"विचाराधीन आहे, महाराज," मी म्हणालो.

हशा ओसरल्यावर मी हुकमी प्रश्नाकडे वळलो. चंद्राला हात दाखवण्यासाठी कोर्टात आणलं होतं. पदर कपाळावर, हाताला चिंधी, नवरा शेजारी. मी विचारलं, "बाई, हात का ओढलात?"

तिनं खाली पाहिलं. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. आणि माझा कोट मागून कुणीतरी असा ओढला की मी जवळजवळ बसलोच.

नथूशेट उभे राहिले होते. "महाराज, तिला विचारू नका. बांगडी सांध्याच्या अलीकडं होती. मी सवयीनं ओरडलो. चूक माझी."

मी तोंड उघडलं. पण त्यांनी मला बोलूच दिलं नाही.

"पण नुकसान भरून देतो," ते पुढं म्हणाले. "दर महिन्याला या हातात माझ्या खर्चानं, माझ्या हातानं बांगड्या भरीन. यांच्या घरी, पडवीत, उजेडात. हुकमात तसं लिहा. तोंडी नको."

फुकट बांगड्या ऐकून सासूची मान आधी हलली. सासूनं मान हलवल्यावर नवऱ्याला नाही म्हणता येईना. न्यायाधीशांनी वर्षभराचा हुकूम लिहिला आणि त्याच वर्षभरासाठी बाजारातली जागा काढून घेतली. माझा पहिला जिंकलेला खटला माझ्याच अशिलानं असा हरवला.

बाहेर येऊन मी खूप बोललो. ते माझ्या हाताला तेल लावून ती बांगडी काढत होते.

"जुन्या बांगड्या उतरवल्या तेव्हा दिसलं मला," शेवटी ते म्हणाले. माझं मनगट त्यांनी आपल्या मुठीत धरलं आणि आवळलं. "अशी बोटं उमटली होती. काळीनिळी. त्यावर माझा अंगठा पडला, म्हणून ओढला तिनं हात."

"मग सांगायचं नाही का कोर्टात? तिथल्या तिथं सुटला असता!"

"सुटलो असतो. मग तुम्ही घरी गेला असता, मी खोलीवर गेलो असतो." बांगडी अलगद निघाली. "तीही घरीच गेली असती, वकीलसाहेब. त्याच्याबरोबर."

त्या वर्षी नथूशेट पेटारा डोक्यावर घेऊन पाड्यापाड्यांतून हिंडले. चढणीला धापा टाकत, गुडघे धरून बसत. नवा मुद्दा घेऊन ते बरेच दिवस माझ्या पायरीवर आले नाहीत, आणि मला चक्क चुकल्या-चुकल्यासारखं झालं. एका महिन्याला हुकमाची अंमलबजावणी पाहतो असं सांगून मी त्यांच्याबरोबर ठेकेदाराकडे गेलो.

पडवीत चंद्रा पुढ्यात बसली. नथूशेटनी तिचे दोन्ही हात एकेक करून उजेडात धरले. उलटे केले, सुलटे केले, बाही जरा वर सारली. घाई नाही. नवरा दारात उभा राहून पाहत होता.

"हात बरे आहेत," नथूशेट मोठ्यानं म्हणाले. त्याच्याकडे न बघता. "पुढल्या महिन्यात परत बघीन."

"बांगड्या भरायला आलास ना? त्या भर की!" नवरा गुरकावला.

"भरतो तर. दरबारचा हुकूम आहे."

नवरा आत निघून गेला. मी शिंक्याकडे बघत बसलो. वकिलानं कुठं बघावं हे सनदेत लिहिलेलं नसतं.

परतताना नथूशेट वाटेतल्या दगडावर टेकले आणि पोटऱ्या चोळत राहिले. चेहरा ओढलेला होता, पण आत कुठंतरी हसत होते.

"आज रंग तिनं सांगितला," ते म्हणाले. "सासू बोलायच्या आत. जांभळ्या आहेत का, म्हणाली."

"मग हिरव्या का भरल्या?"

"जांभळ्या नव्हत्या माझ्याकडं. आता डहाणूला जायला पाहिजे."

"या गुडघ्यांनी? नथूशेट, अहो, हुकमात रंगाचा उल्लेख नाही."

"मागितल्यात ना तिनं," ते म्हणाले, आणि पेटारा डोक्यावर चढवायला मला खूण केली.