साइन ओव्हर

वडिलांचे वर्षश्राद्ध झाल्यावर सेजलने आईला इंग्रजी शिकवायला घेतले, आईचे मन रमावे म्हणून. पद्मावतीबाई शिकत होत्या त्या लेकीचे मन रमावे म्हणून. दोघी एकमेकींवर उपकार करत असल्यामुळे पार्से गावातली ती शिकवणी रोज वेळेवर भरे.

त्या दिवशी धडा होता ‘साइन ओव्हर’चा. सही करून आपली वस्तू दुसऱ्याच्या नावावर करणे. घरातल्या वस्तू घेऊन पाच वाक्ये मोठ्याने म्हणायची, असा अभ्यास मिळाला.

पद्मावतीबाईंनी तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावला आणि हात जोडून तिथेच अभ्यास उरकायला घेतला. पाटा-वरवंटा बहिणीला गेला, काजूचे झाड जावेला. चौथ्या वाक्यात वडिलांची स्कूटर वाडीतल्या यशवंतच्या नावावर झाली. वर्षभर सेजलने त्या स्कूटरला कोणाचा हात लागू दिला नव्हता.

नेमका यशवंत कुंपणाबाहेरून चालला होता. देवळात गाऱ्हाणे घालणारा, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मागणे मांडणारा माणूस. पेटलेला दिवा, जोडलेले हात, त्यात आपले नाव आणि स्कूटर. सवयीने त्याने गाऱ्हाण्याला देतात तसा खड्या आवाजात होकार दिला, “व्हय महाराजा.” शेजारच्या दोन घरांतूनही तेच आले. देवापुढे बोललेले चार तोंडांनी असे उचलून धरले, की पक्के.

सकाळी यशवंत नारळ आणि नवे हेल्मेट घेऊन दारात उभा.

“काका, तो नुसतो इंग्लिशीचो अभ्यास होतो,” सेजल म्हणाली.

“आसात गो बाय. पण देवाक शिकवणी कशी कळतली?”

मग बोललेले परत घेणारे उलटे गाऱ्हाणे घाला, असे सेजलने सुचवले. यशवंत बिचारा तयार झाला. नारळ हातात धरून त्याने वैनींना विचारले, मनात काय ते एकदा सांगा.

“मनात ताच होता,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “आपल्या भाषेत सांगूक चार वेळा तुळशीकडे गेलंय. तोंडातसून शब्द येय नाय. इंग्लिशीत म्हटलंय, तेवां रडाक येवक नाय.”

आईने किल्ली यशवंतच्या हातावर ठेवली.

त्याने वीस किका मारल्या. स्कूटर ढिम्म. शेजारी जमले आणि देवाच्या मनात नाही, असे त्यांचे एकमत झाले. यशवंतने हेल्मेट काढले. स्कूटर घरातच राहायला सेजलने आता नुसते गप्प राहिले तरी पुरे होते.

ती पायऱ्या उतरली. स्कूटर डावीकडे जमिनीला टेकेपर्यंत कलती केली, सरळ केली, एक किक मारली. इंजिन धडधडू लागले.

“आदी अशी तिरकी करायची, काका,” ती म्हणाली. “आनी बाबा मगे एक शिवी घालायचे. ती आई भितर गेल्यार सांगतंय.”