दहा घरांचा एक पाईप

प्रधानकाका पाईपला कान लावून सांगायचे, कुठल्या मजल्यावर कोण दाढी करतंय. एका सकाळी पाईपांच्या डक्टमधून खालून त्यांचा आवाज आला, "दुसरा मजला, दाढीला नळ सोडून ठेवावा लागत नाही." बाथरूममध्ये माझ्या नवऱ्याच्या हातातून रेझर पडला. तेव्हापासून हा गृहस्थ मगात पाणी घेऊन चोरून दाढी करतो.

नवीन पनवेलमधली आमची बिल्डिंग जुनी. तळमजला धरून पाच मजले, दहा घरं आणि गच्चीच्या टाकीतून सगळ्यांना पाणी देणारा एकच लोखंडी पाईप. तो आतून इतका गंजला होता, की खालच्यांनी नळ सोडले की चौथ्या मजल्यावर नुसती धार लागायची, तीही सुतासारखी. काका तळमजल्यावर राहतात, एकटेच. लग्नाच्या भानगडीत पडले नाहीत. त्यांना स्वतःला पाण्याची ददात कधीच नव्हती. पण नोकरी वजनमापं तपासायच्या खात्यात झालेली. दुकानदारांचे काटे पकडण्यात हयात गेली, निवृत्तीनंतर त्यांनी आमचे नळ पकडले.

रोज सकाळी सहाला इस्त्रीचा शर्ट घालून ते जिना चढायला लागत. मजल्यांचे नंबर लावलेले होते. दारोदार बेल वाजवून सांगायचं, "चौथा सुरू, दुसरा बंद." मग चौथ्या मजल्यावर बादली भरायला किती वेळ लागला ते घड्याळ लावून बघायचं आणि खाली फळ्यावर लिहायचं. मी एकदा सहज म्हटलं, "काका, आज पाणी बरं येतंय." ते म्हणाले, "अंदाज नको, आकडा द्या."

हे सगळ्याच बाबतीत होतं. मुलीला ताप आला तेव्हा मी "आता उतरलाय" म्हटलं, तर दारातच उभे राहिले. "किती?" थर्मामीटर शोधून आकडा सांगेपर्यंत हलले नाहीत. माझी इकडे डब्याची घाई, गॅसवर पोळी, आणि हे दारात. खरं सांगते, मला त्यांचा वैताग यायचा.

मागच्या वर्षी सोसायटीने पाईप दुरुस्तीचं मनावर घेतलं. भिंती न फोडता जुना पाईप आतून साफ करून त्याला आतूनच लेप द्यायचा, अशी पद्धत निघाली आहे म्हणे. काम करणारा उरणचा म्हात्रे मीटिंगला आला. काकांनी त्याला पहिल्याच वाक्याला अडवलं. "आत लेप दिला तर भोक आणखी बारीक होणार. मग पाणी वाढेल कसं?"

म्हात्रेने एका जुन्या पाईपचा कापलेला तुकडा पुढे केला. "काका, ह्यो बगा गंज. बोटभर जागा रायली हाय. आमी ह्यो सगला काढनार, मंग लेप. लेप पातल आनि गुलगुलीत, पानी कुटं अडकनारच नाय."

काकांनी खिशातून पट्टी काढून तुकडा आतून मोजला. दोनदा मोजला. मग पट्टी परत खिशात ठेवली.

मतं घेतली. जवळजवळ निम्मी माणसं विरोधात होती. दोन दिवस नळ बंद, घरात माणसं शिरणार, कटकट कशाला. "आणि काका आहेत की," कोणीतरी म्हणालं, "त्यांनी लावलेलं व्यवस्थित चाललंय." पाच बाजूने, चार विरोधात, असं करत मत काकांवर येऊन थांबलं. पाच-पाच झाले असते तर विषय तिथेच बारगळला असता. ते विरोधातच जाणार याची मला खात्री होती.

"चौथ्यावरच्या जोशीबाई पाण्यासाठी साडेपाचला उठतात," काका म्हणाले. "त्यांचे गुडघे मी रोज बघतो. पाईप करून घ्या."

काम झालं. चौथ्या मजल्यावरची बादली चार मिनिटांवरून पन्नास सेकंदांवर आली. काकांनी ते फळ्यावर लिहिलं आणि त्याच्याखाली काहीच लिहिलं नाही. पुढे तीन दिवस ते सवयीने बेल वाजवत फिरले. पण आता सगळे एकदमच आंघोळीला. तिसऱ्या दिवशी मीच आतून ओरडले, "काका, आता कशाला हो?" चौथ्या दिवसापासून ते आले नाहीत.

सुटका झाली म्हणून मी खूश होते. दोन आठवड्यांनी कामाला जाताना बघितलं, तर काका डक्टमध्ये पाईपला कान लावून उभे.

"काय ऐकताय?"

"सगळ्यांचं पाणी एकदम वाहतं," ते म्हणाले. "कोण उठलं, कोण नाही, काही कळत नाही."

दिवसभर ऑफिसात मला माझं ते ओरडणं आठवत राहिलं. लाज वाटली. नऊ दारांत मिळून त्यांचं रोजचं बोलणं व्हायचं, तेवढंच. ते संपणार हे त्या मीटिंगमध्ये फक्त त्यांना एकट्याला कळलं होतं.

रविवारी मी फोन केला. "काका, स्वयंपाकघरात पाणी जरा कमी येतंय."

पाच मिनिटांत हजर. नळ सोडला तशी धार भांड्यावर आपटून त्यांच्या शर्टभर उडाली. त्यांनी नळ बंद केला आणि माझ्याकडे बघितलं.

"पाणी उत्तम आहे."

"हो."

"मग बोलावलंत कशाला?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "तुम्ही येत नाही, म्हणून."

ते रुमालाने शर्ट टिपत राहिले. शर्ट कोरडा झाला तरी टिपत राहिले.

"सरळ सांगायचं तसं," ते म्हणाले. "मी काय पाण्यासाठी येत होतो?"

आणि ओट्याशेजारचं स्टूल ओढून बसले.