शेपटाकडून आखलेली संध्याकाळ

मारकड तात्या कुठल्याही परमिट रूममध्ये शिरले की आधी संडासाची कडी लावून बघायचे. मग खुर्च्या. एकेका खुर्चीवर बसून, मागेपुढे डुलून ती करकरते का ते ऐकायचे. मग पंख्याखाली हात धरून वारा कुठल्या टेबलापर्यंत पोचतो ते मापायचे. सगळं झालं की वेटरला बोलवून घनगंभीर आवाजात ऑर्डर द्यायचे, "एक लिंबू सोडा. साखर कमी."

तात्यांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. आणि तरीही बारामती-इंदापुरात कुणाला चार मित्रांबरोबर संध्याकाळी बसायचं असलं, कुणाच्या बदलीची पार्टी असली, कुणाला नोकरी लागल्याचं निमित्त असलं, की लोक तात्यांनाच गाठायचे. लग्नाचा मुहूर्त काढायला भटजी, तसे बसण्याचा बेत आखायला आमचे तात्या.

सोपानराव मारकड कालवा निरीक्षक होते आणि सणसरच्या बाजूला ज्या कचेरीत ते होते तिथंच मी कारकून होतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. तात्यांचं काम पाणी वाटण्याचं. त्यात त्यांचा एकच धर्म: कालव्यातून फुटणाऱ्या चारीच्या अगदी शेवटच्या रानाला आधी पाणी, मग तिथून वर सरकत सरकत कालव्याच्या तोंडापर्यंत. तोंडाशी बसलेला माणूस आधी प्याला तर शेपटाला चिखलसुद्धा उरत नाही, हे त्यांनी तीस वर्षं बघितलं होतं. त्यामुळं जगातली प्रत्येक गोष्ट ते शेपटाकडून आखायचे.

मी नवा होतो तेव्हा त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, "तात्या, आम्ही पाच-सहाजण शनिवारी बारामतीला बसायचं म्हणतोय. जागा सुचवा."

"शेपूट सांग," तात्या म्हणाले.

"कसलं शेपूट?"

"समद्यात लांब कोण ऱ्हातंय?"

"डाळजचा शिंदे."

"मग शिंदे घरात शिरला, आतनं कडी लागली, हितनं धरायचं. आता मागं मागं ये. त्याला सोडणारा कोण? त्यो शुद्धीत पायजे का न्हाय? मग त्यानं काय प्यायचं? सोडा. झाला का एकाचा हिशोब? आता त्याच्या मागला सांग."

अर्ध्या तासानं आम्ही उलटं चालत चालत पहिल्या पेल्यापर्यंत पोचलो, तेव्हा मला घाम फुटला होता. पण त्या शनिवारी सगळे धडपणे घरी गेले, आणि शिंदेच्या बायकोनं सोमवारी तात्यांना शेंगांची पिशवी पाठवली.

पाहणी ते दिवसाढवळ्या करायचे. खाकी पिशवी, पांढरी टोपी, पायात करकरीत वहाणा आणि चेहऱ्यावर सरकारी दुष्काळ. भिगवण रोडवरच्या एका नव्या परमिट रूममध्ये ते असेच कडी लावून, खुर्च्या डुलवून बाहेर आले तर मालक हात जोडून उभा. त्याला वाटलं, दारूबंदी खात्याचे साहेब आले. त्यानं तळलेले काजू आणले, थंड मागवलं, आपणहून परवाना दाखवला. तात्यांनी परवाना नीट वाचला, परत दिला आणि म्हणाले, "कागद ठीक हाय. पण त्या कोपऱ्यातल्या टेबलाला वारं पोचत न्हाय. तिथं बसणाऱ्यानं काय पाप केलंय?" मालकानं दुसऱ्या दिवशी तिथं पंखा लावला. तो पंखा बरीच वर्षं फिरत होता. आम्ही त्याला तात्यांचा पंखा म्हणायचो.

बैठकीला मात्र ते स्वतः यायचे. टेबलाच्या टोकाला बसून लिंबू सोडा चोखत सगळ्यांवर नजर ठेवायचे. चकण्याची बशी आली की वेटरनं ती जवळच्या माणसापुढं ठेवायची नाही, हा नियम. "हेडवाले खातील आन टेलवाले दात कोरतील," म्हणत ते बशी थेट भिंतीकडच्या माणसाकडं धाडायचे. आमच्यातला शेलार मोजणीदार नेहमी वेटरच्या वाटेवर जागा धरायचा, त्याचा या नियमानं फार जीव जायचा. आणि ठरलेली वेळ झाली की तात्या उठून टेबलावरचे पेले एकेक करून पालथे घालायचे आणि कालव्याचं पाणी बंद करताना म्हणतात तसं म्हणायचे, "आवर्तन संपलं. दार टाका." मग कलेक्टर असला तरी उठायचं. शेलार एकदा इंदापुरात उठेना, तर तात्यांनी त्याची खुर्चीच त्याच्यासकट उचलायला घेतली.

हे त्यांच्या रक्तातच असावं. त्यांचे वडील मेंढरं घेऊन पार कोकणात उतरायचे. रात्रीचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, कुठं पडणार हे सकाळी निघायच्या आत ठरलेलं असायचं. तात्यांनी मेंढरं सोडली, सरकारी नोकरी धरली, पण माणसांचा कळप संध्याकाळी सुखरूप वाड्यावर आला की त्यांच्या तोंडावर जी कळा यायची ती बापाचीच असणार.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी कचेरीत कुणी मोठ्यानं बोलायचं नाही.

तात्यांचा एकुलता मुलगा सुरेश माझ्या वयाचा. गळा लहानपणापासून गोड. आयटीआय झाला, कारखान्यात चिकटायची वेळ आली आणि हा पठ्ठ्या पुण्याला जाऊन कॅम्पातल्या एका हॉटेलात कीबोर्ड घेऊन गायला लागला. खाली जेवण, वरच्या मजल्यावर बार, आणि बारच्या कोपऱ्यात सुरेश. तात्या एकदाच तिथं गेले होते. एका झिंगलेल्या गिऱ्हाईकानं दहाची नोट सुरेशच्या तोंडासमोर नाचवत "ए, दुसरं म्हण" म्हटलं, आणि सुरेशनं हसून दुसरं सुरू केलं. तात्या दारातूनच मागं फिरले. घरी येऊन म्हणाले, "पेताडांम्होरं नाचणारा मारकडाच्या घरात जन्मला न्हाय." त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद. काकी, म्हणजे तात्यांची बायको, मधूनमधून पुण्याला जाऊन पोराला भेटून यायच्या. त्या जायच्या त्या दिवशी तात्या मुद्दाम कालव्यावर मुक्काम करायचे, म्हणजे काही बघितलं नाही, काही विचारलं नाही. पण काकी परत आल्या की घरातल्या घरात घुटमळायचे. काकी भिंतीला सांगितल्यासारखं म्हणायच्या, "वाळलाय. पर बरा हाय." मग तात्या बाहेर जाऊन बसायचे.

अशी चार वर्षं गेली. आणि एका पावसाळ्याच्या शेवटी तात्यांनीच विषय काढला, "औंदा पुण्याला बसू."

आम्ही चाट पडलो. बारामती सोडून पुण्याला? शेलारच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. तात्यांनी पुण्याच्या दोन फेऱ्या केल्या, पाहणी केली आणि बेत जाहीर केला. भाड्याची ट्रॅक्स. आधी डेक्कनला एक ठिकाण, मग स्टेशनजवळ एक, आणि शेवटी कॅम्पात. कॅम्पातल्या हॉटेलाचं नाव त्यांनी घसा खाकरून घेतलं. मी शेलारकडं बघितलं. शेलार खिडकीबाहेर बघत होता. बाकीचेही कुठं कुठं बघत होते.

तारीखही तात्यांनीच दिली. पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मधले दिवस, कालवा बंद, वर सरकारी सुट्टी: दोन ऑक्टोबर.

वाचकांतल्या जाणत्यांना एव्हाना हसू आलं असेल. आम्हाला आलं नाही. त्याचं कारण असं, की आमच्या भागात ड्राय डे म्हणजे पुढचं शटर खाली आणि मागचं दार उघडं. त्या दिवशी फक्त कुठल्या बाजूनं आत जायचं ते बदलतं, हीच आमची समजूत होती. त्यामुळं दहा शहाणीसुरती माणसं इस्त्रीचे कपडे घालून, अंगाला अत्तर लावून, गांधी जयंतीला ट्रॅक्स करून पुण्यात प्यायला निघाली.

डेक्कनच्या ठिकाणी कुलूप. शेलार सवयीनं मागच्या बाजूला जाऊन आला. "मागं दारच न्हाय," तो म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. स्टेशनजवळ शटर खाली आणि पुढं स्टुलावर रखवालदार. आम्हाला बघून तो इतका हसला की त्याला ठसका लागला. "कुठून आलात?" त्यानं विचारलं. आम्ही गावाचं नाव सांगितलं नाही. आपल्यामुळं सगळ्या तालुक्याची अब्रू कशाला घालवा?

शेलारनं तोंड सोडलं. "तात्या, दोन दोन फेऱ्या मारून खुर्च्या हलवत बसला आन एवढं बघितलं न्हाय? कडी लागती का बघायची, पर दुकान उघडं असतंय का ते कोण बघणार?"

एरवी बेतात तसूभर फरक पडला तर तात्या दोन दिवस जेवायचे नाहीत. एकदा मटणाला उशीर झाला म्हणून ते स्वतः भटारखान्यात जाऊन उभे राहिले होते. आज मात्र ते पुढच्या सीटवर शांत बसून होते. टोपी नीट केली, पुन्हा काढली, पुन्हा घातली. "चुकलं खरं," एवढंच म्हणाले. "कॅम्पात निदान जेवण तरी मिळंल."

कॅम्पातलं हॉटेल उघडं होतं. खाली दोन-चार टेबलांवर माणसं जेवत होती. वरच्या मजल्यावर जायच्या जिन्यात दिवा लावलेला होता, आणि वरून कीबोर्डचे सूर येत होते. एकच ओळ कुणीतरी थांबून थांबून, पुन्हा पुन्हा वाजवत होतं.

तात्या पहिल्या पायरीशी थांबले. कठडा धरला. मग म्हणाले, "तुमी जावा वर. मी गाडीपाशी थांबतो. ड्रायव्हर एकटाच हाय."

ड्रायव्हर आमच्या मागंच उभा होता. तो पटकन बाजूला सरकला.

आता हा माणूस मागं फिरला तर पुन्हा कधी इथवर येणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात शेलार पुढं झाला. बारामतीपासून शेवटच्या थेंबासाठी जीव टाकणारा, आत्तापर्यंत आमच्या सगळ्यांचा पूर्वजांसकट उद्धार करणारा शेलार. त्यानं तात्यांचं मनगट धरलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "तात्या, पोरगं वर हाय. चला."

तात्यांनी त्याच्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. आम्हा सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असावं. त्यांनी वहाणा जिन्याखाली काढल्या. हॉटेलात वहाणा काढून कोण जातं? पण कुणी हसलं नाही.

वर लांबलचक खोली. बाटल्यांच्या फळीवर पडदा टाकलेला. टेबलांवर उलट्या खुर्च्या. आणि कोपऱ्यात एका दिव्याखाली सुरेश, पाठमोरा. आम्ही दबक्या पावलांनी खुर्च्या उतरवून बसलो. तात्यांनी कुठलीही खुर्ची डुलवून बघितली नाही.

वेटर पाण्याचे पेले घेऊन वर आला आणि तात्यांना बघून थबकला. मला वाकून म्हणाला, "हे काका तर पंधरा दिवसांपूर्वी येऊन गेले. मालकांना विचारत होते, दारू बंद असते त्या दिवशी गाणारा पोरगा येतो का. मालक म्हणाले, येतो, एकटाच सराव करत बसतो. वर कुणी नसतं. तर काका म्हणाले, मग तोच दिवस बरा."

मी वेटरचं बोलणं शेलारला सांगितलं. शेलारनं ते ऐकलं, समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. मग रुमाल काढून तोंड पुसायच्या निमित्तानं डोळे पुसले. मला त्या म्हाताऱ्याबद्दल इतकी माया आधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही कधी कमी झाली नाही.

सूर थांबले. सुरेशनं मागं वळून बघितलं. आधी आम्ही दिसलो, त्यानं ओळखीचं हसू आणलं. मग तात्या दिसले. ते हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तो उठायला लागला तर तात्यांनी हातानं 'बस' म्हणून खूण केली.

"जेवलास का?" तात्यांनी विचारलं.

"न्हाय अजून."

"आमी बी न्हाय."

खाली कुणीतरी बिल मागत होतं. सुरेशचा हात कीबोर्डवर होता पण बोट खाली जात नव्हतं. शेवटी त्यानं मान खाली घालूनच विचारलं, गिऱ्हाइकाला विचारतात तसं नव्हे, शाळेतून आलेलं पोर विचारतं तसं.

"काय म्हणू, तात्या?"

तात्यांनी आमच्याकडं बघितलं. या माणसानं अख्खं पुणं पायाखाली घातलं होतं, सगळं सगळं आखलं होतं, आणि त्यांना एका गाण्याचं नाव ठाऊक नव्हतं. आम्ही कुणीच सुचवलं नाही. ते त्यांचं त्यांनीच सांगायचं होतं.

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तुला येतं तेवढं समदं म्हण," तात्या म्हणाले. "आज मधी बोलणारं कुणी न्हाय."