पाचव्या बेटावरचा चष्मेवाला

प्राध्यापक मगन सपकाळे यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता; पण अंदमानच्या पाच बेटांवर चष्मेवाला पक्षी कोणत्या पट्टीत गातो, हे ते जळगावच्या आपल्या दोन खोल्यांत बसून सांगू शकत. त्यांचा वर्गमित्र अमरसिंग तिकडे वनखात्यात होता. १९८७ साली त्याने पाच बेटांवर पाच कॅसेटी भरून पोस्टाने पाठवल्या. सोबत चिठ्ठी होती : 'पक्षी एवढासा आहे. डोळ्याभोवती पांढरं कडं. सारखा गातो. बाकी तू बघ.'

मगनरावांनी बघितलं. जळगावच्या विजेचा दाब कधी चढे, कधी पडे. संशोधनात असला ढिसाळपणा नको म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर कटाक्षाने सेलवर चालवला. सगळ्या बेटांना सारखीच वागणूक मिळावी म्हणून शेवटपर्यंत तेच चार सेल वापरले. एकेका बेटाला एक आठवडा दिला. निष्कर्ष स्वच्छ होता. उत्तरेकडून दक्षिणेकडे जावं तसा पक्ष्याचा आवाज जाड होत जातो. पहिल्या बेटावर तो बारीक शीळ घालतो, चौथ्यावर पडसं झाल्यासारखा गातो. पाचव्या बेटावर मात्र आवाज एकदम पुन्हा बारीक. याचा अर्थ एकच होता : पाचव्या बेटावर वेगळी उपजात राहते.

मगनराव कॉलेजात तीन वर्षं हंगामी होते. कायम व्हायचं तर विभागप्रमुख रतिलाल शहा यांची शिफारस हवी होती, आणि रतिलालसर सही करायला सहसा तयार होत नसत. मगनरावांनी नव्या उपजातीचं नाव ठेवलं 'रतिलाली'.

"माझं नाव? पक्ष्याला?"

"शास्त्रात तशी पद्धत आहे, सर."

"दिसायला बरा आहे ना?"

"चष्मा घातल्यासारखा दिसतो."

रतिलालसरांनी आपला चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "धुळ्याच्या परिषदेत वाचा निबंध. शिफारसपत्र टाइप करून घेतो. निबंध झाला की तिथेच सही."

परिषदेच्या दिवशी सकाळी मगनराव पिशवी भरत होते. त्यांची आई पार्वताबाई, मूळच्या भडगावच्या, गच्चीवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घालून खाली आल्या. पदरात चार सेल होते.

"हाई ले तुना सेल. चांगला तापेल शेतस."

मगनराव आईशी एरवी अहिराणीतच बोलत. धक्क्याने पुस्तकी मराठी आली. "आई, सेल उन्हात कशासाठी ठेवलेस?"

"मांगे बी ठेया व्हतात. तुनं पाखरू रडी राह्यनं व्हतं. बिबड्या टाकाले गऊ, तव्हय सेल बी टाकी दिनात."

"मागे म्हणजे केव्हा?"

"तू पाचवी कॅशेट लाई ना, त्याना आदला दिन."

मगनरावांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून चार नवे सेल आणले आणि पाचही कॅसेटी लावून पाहिल्या. पाचही बेटांवर एकच पक्षी एकाच आवाजात गात होता. अंदमानात काहीच फरक नव्हता. फरक सगळा जळगावात होता.

धुळ्याच्या बसमध्ये रतिलालसर सपत्नीक आले होते. लिलाबाईंच्या मांडीवर पेढ्यांचा डबा होता, सरांच्या खिशात शिफारसपत्र.

"सर, रतिलालीबद्दल जरा बोलायचं होतं."

"तेच हिला सांगत होतो. पाचव्या बेटावर फक्त मीच आहे."

"एकटेच?" लिलाबाईंनी विचारलं.

"नाही, थव्याने असतात," मगनरावांच्या तोंडून निघून गेलं, आणि कबुली एरंडोलच्या स्टँडवरच राहिली.

सभागृहात मगनरावांच्या पिशवीत दोन्ही प्रकारचे सेल होते. जुने रुमालात, नवे खोक्यात. पहिल्या चार कॅसेटींना बिबड्यांच्या कृपेने तापलेले जुने घातले आणि पाचवीला नवे, की रतिलाली गाणार आणि नोकरी पक्की. मगनराव तीन वर्षं मुलांना 'जे दिसेल तेच लिहा' असं सांगत आले होते. त्या मुलांतली दोन मागच्या रांगेत बसली होती. मगनरावांनी पाचही कॅसेटींना नवे सेल घातले.

पाच कॅसेटी वाजल्या. पाचही सारख्याच.

"रतिलाली कुठे आहे?" पहिल्या रांगेतून सरांनीच विचारलं.

"सर, ती सेलमध्ये होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सेल कसे उतरत गेले, टेप कशी मंदावत गेली, उन्हाने ती कशी सुधारली. बिबड्यासुद्धा वगळल्या नाहीत. लिलाबाईंनी पेढ्यांच्या डब्यावर पदर घातला.

अध्यक्ष पुण्याचे होते, वयस्कर. त्यांनी आपली वही मिटली. "मी वीस वर्षं टेपवर पक्षी ऐकतोय," ते म्हणाले. "सेलचा विचार केला नाही. सपकाळे, हा फरक मोजा. सेल किती उतरला की आवाज किती बदलतो, त्याचा तक्ता करा." मग त्यांनी कार्यक्रमपत्रिका उचलली. "नाव इथे छापलेलंच आहे, ते वाया कशाला घालवायचं? याला 'रतिलाल दोष' म्हणू. यापुढे टेपवर पक्षी ऐकणाऱ्याने आधी रतिलाल वजा करावा."

परतीच्या बसने पारोळं सोडलं.

"म्हणजे सगळ्यांनाच करावं लागेल?" रतिलालसरांनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

"काय, सर?"

"वजा. मला."

"हो सर. दर वेळी."

"आणि पक्ष्याला माझं नाव असतं तर?"

"त्या बेटावर कोणी गेलं असतं तरच ते नाव निघालं असतं."

"पण दोष म्हणतात हो त्याला," लिलाबाई म्हणाल्या.

"अगं, जगात दोषच जास्त वापरले जातात." सरांनी खिशातलं शिफारसपत्र काढलं, पेढ्यांच्या डब्यावर ठेवून सही केली, आणि सहीसाठी पदराबाहेर आलेला डबा आता उघडायलाही हरकत नव्हती.

घरी आल्यावर मगनरावांनी आईच्या हातावर पेढा ठेवला आणि सगळी हकीकत अहिराणीत सांगितली. पार्वताबाईंनी पेढा संपेपर्यंत विचार केला.

"सेल उनमा ठेवस मी," त्या म्हणाल्या, "आन नाव त्यासनं?"