कोट काळाच येते!

इंद्रभानचं लग्न जमलं, तर इंद्रभानला बायको मिळणार होती आणि धनज गावच्या जानरावांना जावई. पण सगळ्यांत मोठा घास पडणार होता रऊफ फोटोवाल्याच्या ताटात! अकोल्याकडच्या मालेगावातलं पहिलं रंगीत लग्न त्याच्या कॅमेऱ्यात यायचं होतं. एकदा ते आलं, की कारंज्याचे फोटोवाले त्याच्या दुकानावरून एस.टी.ने जाताना मान खाली घालतील, सासुरवाडीला पहिला चहा त्याच्यापुढे येईल आणि बायको रहमतबी निदान आठवडाभर तरी त्याचं ऐकेल. शेवटची आशा जरा जास्तच होती. पण नफ्याचा अंदाज बांधताना हात कशाला आखडायचा?

अडचण एकच होती. इंद्रभान पंचायत समितीत कारकून. त्याचा कोटातला काळा-पांढरा फोटो धनजला जाऊन आला होता, आणि सोबत मुलीच्या बापाचा निरोप: "काळ्या फोटोत गहू काय न् जवारी काय, सारखीच दिसते. पोरगा रंगीत दाखवा, मंग बोलू."

"दाखवू!" रऊफने मांडीवर थाप मारली. "तुहं लग्न आता माह्या रोलावर हाये, इंद्रभान!"

आणि तो अकोल्याची गाडी धरून निघाला.

दुकानदाराने काचेवर रंगीत रोलांच्या तीन डब्या मांडल्या, जशा सोनार नथी मांडतो. पहिली पुढे सरकवून म्हणाला, "ही मशीन लावून पडद्यावर दाखवायची. कागदावर छापायची नाही."

"आमच्या गावात भिंत हाये, मशीन नाई. पुढं चाला."

"ही छापायची. हिच्यात हिरवा फार खुलतो. शेत, झाडं, डोंगर..."

"शेत त आमी रोजच पाह्यतो, बापा! त्याचा फोटो कोन टांगते?"

"मग ही घ्या. हिच्यात लाल असा उठतो, की नवरीचा शालू भिंतीवर पेटल्यासारखा वाटेल!"

रऊफने डबी कानाशी नेऊन नारळासारखी हलवून पाहिली. "हेच द्या. लाल म्हनजे लग्न!"

"फक्त भर उन्हात काढा," दुकानदार म्हणाला. "बल्बाखाली माणूस कावीळ झाल्यासारखा येतो."

रोल बारा फोटोंचा. मुंबईला धुवायला जायचा तो अख्खाच. एकट्या इंद्रभानसाठी अकरा फोटो कोरे पाठवणं म्हणजे एका पाहुण्यासाठी अख्खी पंगत रांधणं! रऊफने मग गावातली दहा वजनदार माणसं गाठली. प्रत्येकाच्या कानात एकच मंत्र: "मालेगावातला पहिला रंगीत फोटो तुमचाच!" दहाही जण पहिलेच ठरले.

आता त्या कोटाविषयी सांगायला हवं. रऊफच्या स्टुडिओत कोट एकच. मोडलेल्या एका बँडपार्टीतल्या क्लॅरिनेटवाल्याचा. रंग लालभडक, बटणं पितळी, आणि पाठीत वरपासून खालपर्यंत उभा फाडलेला, म्हणजे बारक्यालाही बसावा आणि ढेरीवाल्यालाही. मागून टाचण्या लावल्या, की पुढून माणूस साहेब! त्याचा सोनेरी गोट रहमतबीने कधीच उसवून उशांना लावला होता. पण काळ्या-पांढऱ्या फोटोत तो असा काळाशार, भारदस्त यायचा, की बघणाऱ्याने उठून नमस्कार करावा. मालेगावातल्या निम्म्या भिंतींवर तोच कोट टांगलेला होता. आतली माणसं तेवढी वेगळी!

रऊफने अंगणात स्टुडिओतला पडदा टांगला, पुढे खुर्ची मांडली आणि इंद्रभानला कोट चढवला. ऊन डोक्यावर, कोट निखाऱ्यासारखा.

"रऊफभाई, हा लाल दिसून राह्यला."

"मंग?"

"रंगीत फोटोत लालच येईन ना?"

"तू कारकुनी कर! या कोटात सतरा वर्सं फोटो काढून राह्यलो मी. एक तरी लाल आला? कोट काळाच येते!"

चुलीपुढून रहमतबी म्हणाली, "अजी, तोंडाले रंग येईन, पडद्याले येईन, मंग कोटालेच कायची बंदी?"

"तुमी भाकर थापा!" रऊफ म्हणाला. सतरा वर्षांच्या अनुभवापुढे तव्यावरच्या भाकरीची काय किंमत? खटका दाबला गेला.

मग दहा वजनदार माणसं येऊन गेली. प्रत्येकाला तोच कोट, त्याच टाचण्या. उरला एक फोटो. तेवढ्यात बाजाराच्या दिवशी एक पांढऱ्या फेट्याचा पाहुणा दुकानात पाणी प्यायला शिरला. "कारंज्याकडचा हाये," म्हणाला, आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथं इंद्रभान म्हनून कोनी कारकून हाये का? कसा काय मानूस?"

"लाखात एक!" रऊफने भात्यातला सगळ्यात मोठा बाण काढला. "कोटाशिवाय हापिसात पाय ठेवत नाई! अन् कोट कसा? अकोल्याहून शिवलेला. बरं, तुमी बसा न खुर्चीवर. एकच फोटो उरला हाये, तुमच्याच नशिबाचा!"

पाहुण्याने आढेवेढे घेतले, आरशात पाहिलं, मिशीवर हात फिरवला आणि 'कोट काळाच येते' या रऊफच्या भरवशावर टाचण्यांसकट कोटात शिरला. "तीन बाजारांनी येऊन नेतो," म्हणून गेला. रोल मुंबईला रवाना झाला.

तीन आठवड्यांनी पाकीट आलं, नेमकं बाजाराच्याच दिवशी. रऊफ ते फोडतो न फोडतो, तोच इंद्रभान घामाघूम होऊन दारात. मागे पांढरा फेटा!

"रऊफभाई, हे धनजचे जानरावजी. पोरीचे वडील."

रऊफने पाकीट पाठीमागे नेलं.

"आमची वळख हाये," जानराव खुर्चीत बसत म्हणाले. मग इंद्रभानकडे वळून, "माहाबी फोटो हाये बरं याच्यात. कोटातला. कोटाची आपल्याले जुनीच सवय! दाखवा, पोराचा पह्यले दाखवा."

रऊफने पाकीट उलटं केलं. टेबलावर जशी मिरच्यांची पाटीच सांडली! लाल, लाल, लाल! गावातली दहा वजनदार माणसं, छातीवर पितळी बटणं, चेहऱ्यावर भारदस्त भाव. नुसती वाद्यं हातात द्यायची खोटी, की वरात निघाली! आणि मधोमध इंद्रभान, सगळ्यांत लाल. अकोल्याच्या दुकानदाराने शब्द पाळला होता.

जानरावांनी फोटो उचलला. बटणं पाहिली. स्वतःच्या पाठीला हात लावून टाचण्या आठवल्या.

"हा अकोल्याहून शिवलेला कोट?"

"अकोल्याहून?" इंद्रभानने रऊफकडे पाहिलं.

"हा घालून हापिसात जाते हा? तिथं कारकुनी करते, का बँड वाजोते? उठलो मी! खोट्याच्या घरी पोरगी देत नसतो!"

लग्न गेलं! जानराव उंबऱ्यापर्यंत पोचलेही. तेवढ्यात रहमतबीने ढिगातून एक फोटो उचलून उजेडात धरला.

"अजी, हे फेटेवाले कोन? बँडाचे मालक काय?"

जानराव थबकले. फोटोत पांढरा फेटा, पिळदार मिशी, आणि खाली लालभडक, पितळी बटणांची ती जुनी सवय!

सासऱ्याने जावयाकडे पाहिलं, जावयाने सासऱ्याकडे.

"जानरावजी," रहमतबी म्हणाली, "एकाच बँडातले मानसं तुमी. कायले भांडता? बसा, च्या ठेवते."

जानराव बसले. दुसरा इलाज काय होता? लग्न मोडलं असतं तर मोडण्याचं कारण धनजला सांगावं लागलं असतं! चहाच्या दुसऱ्या घोटाला तारीख ठरली.

"पन दोन गोष्टी," जानराव बोट उगारून म्हणाले. "जावयाले खरा काळा कोट मी शिवीन. उंची कापडाचा, अकोल्याचा! अन् लग्नाचे फोटो काळे-पांढरे. रंगाचा एक ठिपका दिसला, त रऊफभाई, तुमाले वरातीत त्याच कोटात नाचोतो!"

लग्न थाटात झालं. दहा वजनदार माणसांनी रऊफला दमात घेऊन पुन्हा काळ्या-पांढऱ्यात फोटो काढून घेतले, फुकट. कचेरीत इंद्रभानला शिपाईसुद्धा 'क्लॅरिनेट' म्हणू लागला. रहमतबीने नवऱ्याचं ऐकायचा तो आठवडा कायमचा रद्द केला.

आणि जानराव? लग्नाचा फोटो हातात पडला, तेव्हा त्यांनी मुद्दाम इंद्रभानचा तो पहिला, धनजला गेलेला फोटो शेजारी ठेवला. खऱ्या कोटाचं तेज डोळे भरून पाहायचं होतं त्यांना. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. दोन्ही कोट काळेशार, दोन्ही भारदस्त, मासाभर फरक नाही!

"याच्यातला माहावाला कोनता?" त्यांनी विचारलं.

"म्हनलो होतो ना मी," रऊफ म्हणाला, "कोट काळाच येते!"

तर अशी सगळ्यांनी आपापली भरपाई केली. पण रोख भरली ती जानरावांनी, उंची कापडाच्या कोटाची. आणि वर पाहणारे म्हणतात, बटणं पहिल्याच कोटाची खानदानी होती!